पुणे ते कन्याकुमारी घरच्या गाडीने, व्हाया जिंजी-तंजावर : कुठे थांबावं, काय गाळावं?

डिकीत_सतरंजी

राम राम मंडळी. घरची गाडी घेऊन पुण्याहून थेट कन्याकुमारीपर्यंत जायचं ठरतंय. जिंजी आणि तंजावर हा माझा हट्ट, रामेश्वर बायकोचा, आणि आईला बदामीची बनशंकरी, कारण ती आमची कुलदेवी आणि आई लग्नानंतर एकदाच गेलीये तिथे. माणसं पाच : आम्ही दोघं, आई (वय 71, गुडघे कुरकुरतात पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त), मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत. गाडी पेट्रोल, चालवणारे दोघं. दिवाळीच्या सुट्टीत निघायचं म्हणतोय, दोन आठवडे रजा आणि मागचेपुढचे शनिवार-रविवार धरून 16 दिवस मिळतात.

आत्तापर्यंतची यादी : कोल्हापूर, बेळगाव, बदामी, पट्टदकल, ऐहोळे, हंपी, चित्रदुर्ग, बंगळूर, म्हैसूर, उटी, वेल्लोर, कांचीपुरम, महाबलीपुरम, पाँडिचेरी, जिंजी, चिदंबरम, तंजावर, मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी, येताना मुन्नार आणि जमलं तर गोवा.

हसू नका, यातलं काय गाळू ते सांगा. रस्ते, मुक्काम, खाणं, सगळ्यावर सल्ले चालतील.

गिअरवर_हात

हसलो, सॉरी. दादा ही यादी टूरवाल्यांच्या जाहिरातीची आहे, ट्रिपची नाही. म्हैसूर-उटी-मुन्नार आत्ताच कट करा, घाटात शिरलात की नकाशावर 80 किमी दिसतात आणि अर्धा दिवस खाऊन टाकतात, शिवाय मागच्या सीटवरचं एखादं पोर ओकणार हे गृहीत धरा. गोवा तुम्ही एरवी कधीही जाल.

बाकी नियम एकच, पहाटे 4 ला गाडी गेटबाहेर. 9 वाजेपर्यंत 300 किमी झालेले असतात, दुपारी 2 ला मुक्कामी, मग आरामात फिरा. आम्ही कायम असंच करतो.

सोलापुरी_चादर

कोल्हापूरवरून कशाला जाताय? सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या कामात डायव्हर्जनवर डायव्हर्जन आहेत, पहिल्याच दिवशी डोकं उठेल. तुम्हाला बदामीच गाठायचीये ना, मग आमच्या सोलापूरवरून या. पुणे-सोलापूर अडीचशे, पुढे विजापूर 100, रस्ता चौपदरी. विजापूरला मुक्काम टाका, पोरांना गोलघुमट दाखवा. 1656 चा आहे, आतमध्ये वर सज्जात उभं राहून या टोकाला पुटपुटलं की त्या टोकाला ऐकू येतं. फक्त सकाळी दार उघडल्या उघडल्या जा, नंतर शाळांच्या सहली येतात आणि शंभर पोरं एकाच वेळी किंचाळतात, मग घुमट कसला ऐकताय.

तिथून बदामी सव्वाशे-दीडशे किमी. आणि सोलापुरात शेंगाचटणी, कडक भाकरी भरून घ्या. पंधरा दिवस टिकते आणि तामिळनाडूत आईला तिचाच आधार होईल, बघाच.

कावेरीकाठचा

मी बरीच वर्षं त्रिचीत नोकरीला आहे, दरवर्षी पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, दिवाळीत येऊ नका. आपल्याकडे पाऊस संपला की इकडचा सुरू होतो. ईशान्य मोसमी पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि चक्रीवादळंही बहुतेक त्याच काळात. 1964 ला धनुष्कोडी गेलं ते डिसेंबरातच. दिवाळीच्या सुट्टीत आलेल्या माझ्या मेहुण्याने तंजावरचं देऊळ छत्रीखालून बघितलं, आणि अनवाणी, कारण चपला बाहेर काढायच्या असतात आणि आवार भलंमोठं आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत शबरीमलाचा सीझन, काळ्या कपड्यातले अय्यप्पा भक्त बसेस भरभरून मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी करत असतात. मग पोंगल, त्यात अख्खा तामिळनाडू गावी जातो, हॉटेलं फुल. पोंगल झाला की साधारण फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम, हवा कोरडी, उन्हाचा त्रास नाही.

दुसरी गोष्ट, गिअरवर_हात यांचा पहाटे चारचा नियम महाराष्ट्र-कर्नाटकात ठीक आहे, तामिळनाडूत उलटा पडतो. इथली देवळं साधारण दुपारी 12-12.30 ला बंद होतात ती 4 पर्यंत उघडत नाहीत. तुम्ही पहाटे निघालात, 11 ला पोचलात, हॉटेल शोधलं, चेक-इन केलं, आंघोळी केल्या, देवळाशी गेलात तर दार बंद. मग पोरांना घेऊन तीन तास काय करणार? मी सगळ्या पाहुण्यांना हेच सांगतो, सकाळी 6 ते 11 गाव बघा, देऊळ थंड आणि रिकामं असतं, पायाखालचा दगडही तापलेला नसतो. मग खोली सोडा, जेवा, आणि देवळं बंद असतात तेव्हा गाडी चालवा. 4-4.30 ला पुढच्या गावी, चहा-कॉफी, संध्याकाळचं दर्शन. दिवसाला अडीचशे किमीच्या आत ठेवलंत तर हे आरामात बसतं.

गिअरवर_हात

भर दुपारी 12 ला गाडी चालवायची? जेवल्यावर? मला तर झोप लागेल.

कावेरीकाठचा

जेवणच मोजून जेवायचं ना मग. पानावरचा तिसरा भात टाळा, दोघं चालवणारे आहात, पहिला तास कमी जेवलेल्याने घ्यायचा. एसी आहे, रस्ते सरळ आहेत. शिवाय अंधारात चालवणं वाचतं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. इकडे हायवेवर गाव आलं की पोलिसांचे बॅरिकेड आडवेतिडवे लावलेले असतात, गाडी नागमोडी काढावी लागते, आणि पहाटेच्या अंधारात ते उशिरा दिसतात.

जिथे चढायचंय तिथे मात्र हा नियम नाही. जिंजीला सकाळीच.

अर्धा_कप

+1 दुपारच्या ड्रायव्हिंगला. एक भर, जेवण 12.30 ते 2 मध्येच उरका. 3 वाजता एखाद्या मेसमध्ये जाऊन मील्स मागितलंत तर संपलं म्हणतात, टिफिन संध्याकाळी, मधल्या वेळात फक्त कॉफी आणि वडा.

डिकीत_सतरंजी

बापरे, पावसाचं खरंच डोक्यात नव्हतं. पण जानेवारीत शाळा? मुलगी सातवीत आहे, जानेवारीत तिच्या शाळेचं गॅदरिंग, मग युनिट टेस्ट. मेमध्ये केलं तर?

मल्लेश्वरमची_मावशी

मेमध्ये आईंना घेऊन? नको हो. मेमध्ये तिकडे अग्निनक्षत्रम म्हणून कडक उन्हाळ्याचे दिवस असतात, वेल्लोर भागात चाळिशी पार जाते, आणि देवळात अनवाणी चालायचं. सातवीच्या मुलीने दोन आठवडे शाळा बुडवली तर काही होत नाही, दहावीत गेल्यावर कोण पाठवणार आहे. वर्गशिक्षिकेला आधी भेटा, बऱ्याचदा त्या स्वतःच म्हणतात घेऊन जा म्हणून.

आता बंगळूरबद्दल. मी इथेच राहते आणि मनापासून सांगते, बंगळुरात शिरू नका. तुमकूरकडून येताना दाबसपेटला डावीकडे वळून दोड्डबळ्ळापूर-देवनहळ्ळीवरून थेट होस्कोटेला जाणारा सॅटेलाइट रिंगरोड झालाय, शहर न बघता तुम्ही कोलारच्या रस्त्याला लागता. हेब्बाळ आणि सिल्कबोर्डवर जे दोन-तीन तास गेले असते ते वाचले. कोलारला रात्र काढा, दुसऱ्या दिवशी मुळबागलवरून वेल्लोर.

आणि बदामीत दोन रात्री थांबा, एक नाही. सगळे लोक लेण्या बघून दोन तासांत पळतात. सकाळी लेण्या (तिसऱ्या लेण्यात शके 500 म्हणजे इसवी 578 चा लेख आहे, विष्णूच्या मूर्ती तर बघतच राहाव्या अशा), संध्याकाळी अगस्त्य तळ्याच्या पलीकडच्या काठावर भूतनाथाच्या देवळाच्या पायऱ्यांवर नुसतं बसायचं. आई तिथपर्यंत सहज येतील, लेण्यांच्या पायऱ्यांचं मात्र त्यांनी ठरवावं. माकडं फार आहेत, हातात पिशवी, बिस्किटाचा पुडा काही ठेवू नका, चष्मा सांभाळा.

बनशंकरी बदामीपासून पाचेक किमी. देवळासमोर बायका टोपल्या घेऊन बसतात, ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, लाल मिरचीचा ठेचा, दही, वांग्याची भाजी. तिथेच पारावर बसून खायचं. हॉटेलात जेवू नका त्या दिवशी.

बखरवाला

बदामी-ऐहोळेबद्दल दोन गोष्टी, कारण तिथे जाऊन लोक फक्त फोटो काढतात. ऐहोळेला मेगुती टेकडीवरच्या जैन मंदिराच्या भिंतीवर रविकीर्तीचा लेख आहे, इसवी 634. त्यात दुसऱ्या पुलकेशीला 99 हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी म्हटलंय. मुलीला दाखवा, इतिहासाच्या पुस्तकात पुलकेशीची दोन ओळीत बोळवण असते.

आणि पुढे पल्लवांचा मुलूख येणार तर हा धागा धरून ठेवा. पल्लव नरसिंहवर्मनने 642 च्या सुमारास बदामी जिंकून जाळली. त्यानंतर शंभरेक वर्षांनी चालुक्य दुसरा विक्रमादित्य कांचीवर चालून गेला, पण देऊळ लुटलं नाही आणि तसा कन्नड लेख कांचीच्या कैलासनाथ मंदिरात कोरून ठेवला. त्या विजयाच्या आठवणीत त्याच्या राणीने, लोकमहादेवीने, पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर बांधवलं, ते कांचीच्या देवळाच्या धर्तीवर.

कांची-महाबलीपुरम-पाँडिचेरी या वेळी सोडा, तो चेन्नईला विमानाने जाऊन चार दिवसांत होणारा भाग आहे. जिंजी विमानाने होत नाही.

हंपीत विठ्ठल मंदिर. गाभारा रिकामा आहे. भानुदास महाराजांनी, म्हणजे एकनाथांच्या पणजोबांनी, इथून विठोबा परत पंढरपूरला आणला अशी वारकरी परंपरेतली कथा. आईंना आधी सांगून ठेवा, त्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर वेगळं वाटतं.

पंक्चर_काढणारा

इतिहास झाला असेल तर गाडीचं बोलू.

निघायच्या दोन आठवडे आधी सर्व्हिसिंग, आदल्या दिवशी नाही. आदल्या दिवशी सर्व्हिसिंग केली की जे ढिलं राहिलंय ते रस्त्यात कळतं. दोन आठवडे आधी केली की ते शहरातच कळतं. टायर पाचही बघा. पाचवा म्हणजे स्टेपनी, तिच्यात हवा असते असा सगळ्यांचा समज असतो. जॅक आणि पाना डिकीत खालच्या कप्प्यात, त्यावर तुमची सतरंजी, त्यावर पाच माणसांचं सामान, मग भर हायवेवर सगळं बाहेर काढावं लागतं, म्हणून ते वर येईल असं लावा. पाच माणसं आणि फुल डिकी म्हणजे हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर फुल लोडला लिहिलीये तेवढी, पंपावरच्या पोऱ्याला जेवढी वाटते तेवढी नव्हे.

फास्टॅगचा वार्षिक पास काढा. 15 ऑगस्ट 2025 ला सुरू झाला तेव्हा 3000 रुपयांत एक वर्ष किंवा 200 ट्रिपा, जे आधी संपेल ते, आणि एक टोलनाका म्हणजे साधारण एक ट्रिप. फक्त राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर चालतो, राज्यांच्या रस्त्यांना वेगळे पैसे कापतात, म्हणून खात्यात बॅलन्स ठेवा. तुमच्या रूटवर एवढे नाके आहेत की जाऊन-येऊन बराचसा वसूल होईल.

सगळं मिळून साडेतीन-चार हजार किमी होतील. 15 चं अॅव्हरेज धरलं तर अडीचशे लिटरच्या आसपास पेट्रोल. पीयूसीची तारीख बघा, सगळे विसरतात.

गिअरवर_हात

स्टेपनीचं +100. आणि कर्नाटकात शेतकऱ्यांनी रस्त्यावर धान्य, कणसं वाळत घातलेली असतात आतल्या रस्त्यांना, त्यावर ब्रेक मारलात तर गाडी सरकते. बदामी-हंपी पट्ट्यात सांभाळून.

डिकीत_सतरंजी

ठरलं, दिवाळी रद्द. पोंगल संपता संपता निघायचं, जानेवारीच्या मध्यावरच्या शनिवारी. शाळेत मी बोलतो (बायको म्हणतेय मी बोलते, तू गप्प बस).

आता जिंजी-तंजावर सविस्तर सांगा कोणीतरी. आणि जिंजी आईला जमेल का?

बखरवाला

जिंजीवर लिहायला सांगितलंत म्हणजे आता थांबणार नाही.

तीन डोंगर आहेत, राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रगिरी, आणि तिघांना कवेत घेणारी तटबंदी. महाराजांनी दक्षिण दिग्विजयात 1677 ला किल्ला घेतला. पुढे रायगड पडायच्या वेळी राजाराम महाराज निसटून इथे आले आणि औरंगजेबाच्या झुल्फिकारखानाने वेढा घातला तो चालला सुमारे 8 वर्षं. 8 वर्षं मराठ्यांची राजधानी तामिळ मुलखात होती, इकडे रामचंद्रपंत अमात्य गाडा हाकतायत आणि संताजी-धनाजी वेढा घालणाऱ्यांचीच रसद तोडतायत. 1698 च्या सुरुवातीला किल्ला पडला तेव्हा राजाराम महाराज केव्हाच निसटलेले होते. 2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यातला महाराष्ट्राबाहेरचा हा एकटाच.

राजगिरी चढायला हजाराच्या पुढे पायऱ्या. अगदी वरती दोन कड्यांच्या मधे खोल भेग आहे, तिच्यावर छोटा पूल. तो पूल काढला की वर कोणाची जायची टाप नाही. तिथे उभं राहिलात की 8 वर्षं का लागली ते वेगळं सांगायला लागत नाही. दुपारनंतर वर सोडत नाहीत, म्हणून 8 च्या आत पायथ्याशी हवंच. प्रत्येकी दोन लिटर पाणी, वर काहीही मिळत नाही, आणि इथेही माकडं.

आईंना वर जमणार नाही, स्पष्ट सांगतो. पण खाली कल्याणमहाल, धान्याची कोठारं, तलाव हे सगळं सपाटीवर आहे, झाडाखाली बाकं आहेत. एकाने आईंबरोबर थांबायचं.

डिकीत_सतरंजी

बायको म्हणतेय ती थांबते, तिला किल्ल्यात इंटरेस्ट नाही. मुलगी म्हणतेय मीही थांबते. तिला घेऊन जाणारच.

मल्लेश्वरमची_मावशी

मुलीला तिथला पूल आहे एवढंच सांगा, बाकी काही सांगू नका. पळत जाईल.

कावेरीकाठचा

जिंजीच्या मुक्कामाचं. गावात राहायला फार काही नाही, बहुतेक लोक तिरुवण्णामलैला राहतात, 40 किमी, देऊळही भव्य आहे. पण कॅलेंडर बघा! पौर्णिमेच्या रात्री तिथे गिरिवलम असतं, अरुणाचल डोंगराला लाखो लोक चालत प्रदक्षिणा घालतात, गावात गाडी शिरत नाही. त्या दिवशी खोली मिळाली तरी तिच्यापर्यंत पोचणार नाही तुम्ही.

जिंजीहून विळ्ळुपुरम-विक्रवांडीला येऊन तंजावरचा रस्ता धरा, तो पनरुटीवरून जातो (फणस आणि काजूचं गाव, काजू इथेच घ्या). त्याच रस्त्याला मीनसुरुट्टीजवळ गंगैकोंडचोळपुरम लागतं. राजेंद्र चोळाने गंगेपर्यंत स्वारी केल्यावर बांधलेली राजधानी. आता फक्त देऊळ, हिरवळ आणि शांतता. संध्याकाळी 4.30-5 ला पोचलात तर उन्हात दगड सोनेरी दिसतो. तंजावरच्या देवळापेक्षा मला हे जास्त आवडतं, पण हे इथे बोलायची सोय नाही :)

मुक्काम तंजावरऐवजी कुंभकोणमला करा. मध्यावर पडतं, दारासुरम चार किमीवर, तंजावर 40. आणि सकाळची डिग्री कॉफी, पितळेच्या डबऱ्यात.

अर्धा_कप

कॉफीबद्दल फक्त एवढंच, हायवेवर दर दोन किमीला कुंभकोणम डिग्री कॉफीची पाटी आणि पितळेची भांडी मांडलेली दुकानं लागतील, तिथे नका पिऊ. गावातल्या एखाद्या साध्या हॉटेलात, जिथे सकाळी 6 ला म्हातारे पेपर वाचत बसलेत, तिथे बिनसाखरेची मागून बघा. साखर नसली की दूध कसलंय ते लगेच कळतं.

आईंच्या पोळीचा प्रश्न येणार. चपाती संध्याकाळी काही ठिकाणी मिळते, जाड असते. परोटा मैद्याचा. माझ्या आईने शेवटी दहीभात आणि मेतकूट यावर तह केला. मेतकुटाची बरणी आणि थोडं लोणचं न्याच. लाडू, दशम्या पहिल्या तीन दिवसांच्या, पुढे उपमा-इडली-पोंगल झिंदाबाद, सकाळचा वेण-पोंगल मुलांना आवडतो कारण आपल्या खिचडीसारखा लागतो.

बखरवाला

तंजावर. बृहदीश्वर राजराज चोळाने 1010 ला पुरं केलं हे सगळे सांगतील. मी सांगतो ते शोधा. त्याच देवळाच्या आवारात भिंतीवर दुसऱ्या सरफोजी राजांनी 1803 ला भोसले घराण्याचा इतिहास कोरवून घेतलाय, मराठीत. भलामोठा लेख आहे. गाईड स्वतःहून नेत नाहीत, विचारावं लागतं. हजारो मैलांवर आलोय, चहूकडे तामिळ आणि 'ग्रंथ' नावाची जुनी लिपी, आणि अचानक भिंतीवर आपली अक्षरं, मुलगा तिसरीत आहे ना, त्याला वाचायला लावा.

मग राजवाडा आणि तिथलं सरस्वती महाल ग्रंथालय. मोडीतली कागदपत्रं ढिगाने. सरफोजी म्हणजे 1798 ते 1832 पर्यंत गादीवर, हातात सत्ता जवळपास काही नाही, सगळी ताकद ग्रंथ, वैद्यक, चित्रं, संगीत यात लावली.

आणि आता माझी खरी शिफारस. तंजावरहून रामेश्वरला सगळे मदुराई किंवा कराईकुडीवरून जातात. तुम्ही किनाऱ्याने जा. सरफोजींच्या काळात तंजावर-रामेश्वर रस्त्यावर यात्रेकरूंसाठी छत्रं होती, म्हणजे मोफत जेवणाखाण्याची, मुक्कामाची, आजारी पडलं तर औषधाची सोय. काशी-रामेश्वर करणारा आपल्याकडचा माणूस इथूनच जायचा. ओरत्तनाडूला मुक्ताम्बाळ छत्रम आहे, 1802 चं. पुढे पट्टुकोट्टईवरून समुद्रावर मनोरा, नेपोलियनवर इंग्रजांचा विजय झाला म्हणून सरफोजींनी 1814 ला बांधलेला आठ मजली बुरूज. एका मराठी राजाने तामिळ किनाऱ्यावर नेपोलियनच्या पराभवाचं स्मारक बांधलंय, यापेक्षा चक्रम वास्तू मला माहीत नाही. तिथून ईसीआर (किनाऱ्याने जाणारा ईस्ट कोस्ट रोड) धरून तोंडी, देवीपट्टिनमवरून रामेश्वर.

अर्धा_कप

म्हणजे कराईकुडीकडचं चेट्टिनाड गाळायला सांगताय? कानाडुकातानचे वाडे, आत्तंगुडीच्या फरश्या, आणि जेवण!! निषेध.

बखरवाला

घरात शाकाहारी किती आहेत ते विचारा आधी.

डिकीत_सतरंजी

आई आणि बायको पक्क्या शाकाहारी. चेट्टिनाड बाद, मनोरा फायनल. मदुराई पण सोडायची का? जीव तुटतोय.

कावेरीकाठचा

येताना मदुराईवरूनच जाणार आहात. पण मीनाक्षीला घाईत जाऊ नका, फोन आत नेऊ देत नाहीत, लॉकरची रांग, दर्शनाची रांग, अर्धा दिवस सहज. या खेपेला बायपासवरून हात जोडा. पुढच्या वेळी मदुराई आणि चेट्टिनाड वेगळं करा.

रामेश्वरला दोन रात्री हव्यातच. पांबनच्या रोडपुलावर थांबू नका, पोलीस हाकलतात, पण हळू चालवा, बाजूला 1914 च्या जुन्या पुलाच्या जागी 2025 ला सुरू झालेला रेल्वेचा नवा उभा उचलला जाणारा पूल दिसतो. 22 तीर्थांचं स्नान करणार असाल तर प्रत्येकाचा कोरड्या कपड्यांचा जोड पिशवीत, आईंना घसरायची भीती आहे, फरशी कायम ओली असते, एकाने हात धरूनच चालायचं. धनुष्कोडीला अरिचलमुनैपर्यंत आता डांबरी रस्ता आहे, दोन्ही हातांना समुद्र. संध्याकाळनंतर गाड्या सोडत नाहीत, सकाळी जा. त्या 64 च्या वादळात एक अख्खी पॅसेंजर ट्रेन गेली, चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत.

मल्लेश्वरमची_मावशी

कन्याकुमारीला विवेकानंद स्मारकाची बोट पहिली पकडा, नंतर रांग फार होते. 1970 चं स्मारक, एकनाथजी रानडे यांनी देशभरातून रुपया-रुपया गोळा करून उभं केलेलं. आता तिथून तिरुवळ्ळुवरांच्या पुतळ्यापर्यंत काचेचा पूल झालाय, मुलं खूश होतील, आईंना खाली बघू नका म्हणा. देवीच्या देवळात पुरुषांना शर्ट काढावा लागतो, बनियन पण. आणि पद्मनाभपुरमचा लाकडी राजवाडा चुकवू नका, सोमवारी बंद असतो.

डिकीत_सतरंजी

घ्या, फायनल आराखडा. शनिवारी निघून विजापूर 1 रात्र, बदामी 2 (बनशंकरी, पट्टदकल, ऐहोळे), हंपी 2, चित्रदुर्ग बघत कोलार 1, तिरुवण्णामलै 1, सकाळी जिंजी करून कुंभकोणम 2, मनोऱ्यावरून रामेश्वर 2, कन्याकुमारी 2, मग एनएच 44 ने सेलम 1, दावणगेरे 1, रविवारी घरी. येतानाचे तीन दिवस नुसते चालवायचे, तेव्हा गिअरवर_हात यांचा पहाटे 4 चा नियम लागू.

आणि आत्ता कॅलेंडर उघडलं तर तिरुवण्णामलैची रात्र बरोब्बर पौर्णिमेला!

कावेरीकाठचा

शिवाय ती तै महिन्यातली पौर्णिमा म्हणजे थाईपूसम. पळणीला चालत जाणाऱ्यांचे जथ्थे त्या सुमारास दिंडीगलच्या बाजूला हायवेच्या कडेने असतात, तुम्ही तिथे पोचाल तोवर संपलेलं असेल ते. तिरुवण्णामलै मात्र बदला. वेल्लोरवरून आरणी-चेत्पेटच्या रस्त्याने या आणि तिंडीवनमला राहा. जिंजी तिथून तीसेक किमी, सकाळी पाऊण तासात पायथ्याशी. वेल्लोरचा किल्ला वाटेतच आहे, भोवती पाण्याने भरलेला खंदक, दुपारी तासभर द्या.

बखरवाला

दावणगेरेला राहताय तर शेवटच्या रविवारी निघायच्या आधी होदिगेरे करा. चन्नगिरीजवळ, शहाजीराजांची समाधी, 1664 ला शिकारीत घोड्यावरून पडून गेले ती जागा. तंजावर-जिंजी सगळं त्यांच्या कर्नाटकातल्या जहागिरीतूनच सुरू झालं ना.

गिअरवर_हात

अहो शेवटच्या दिवशी पावणेसहाशे किमी आहेत आणि सातारा-कागल रविवार संध्याकाळची. होदिगेरे आदल्या दिवशी सेलमहून येताना करा, नाहीतर घरी पोचायला मध्यरात्र.

डिकीत_सतरंजी

आदल्या दिवशी सेलम-दावणगेरे साडेचारशे प्लस होदिगेरेचा वळसा. पहाटे 4 ला निघालो तर उजेडात जमतं. चित्रदुर्ग जातानाच झालेला असेल, म्हणजे तिथे थांबायचं नाही.

अर्धा_कप

रविवारी सकाळी दावणगेरेचा बेण्णे डोसा खाल्ल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही, मग पोचू दे मध्यरात्री.

पंक्चर_काढणारा

पीयूसी बघितली का?

डिकीत_सतरंजी

डिसेंबरात संपतेय. उद्या काढतो.